बरणी क्रमांक एकतीस

पुणे, ६ ऑक्टोबर १९५८

ती. हैबतदादा यांस
जयसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

चार वर्षांत पत्र नाही आणि आता आले ते काम घेऊन, असे तुम्ही म्हणणार. म्हणा. काम तसेच आहे.

रुग्णालयात मी हृदयरोगाचे संशोधन हाती घेतले आहे. पेठांतले वकील, व्यापारी, अंमलदार छातीत कळ येऊन आमच्याकडे दाखल होतात, आणि त्यांतले बरेच परत घरी जात नाहीत. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडून पाहिल्या की आतून चरबीने लिंपलेल्या दिसतात. माझा तर्क असा की हा गादीवर बसून तूप खाणाऱ्यांचा रोग आहे. रानात धावणाऱ्या प्राण्याला तो होत नसणार, आणि रानात राहणाऱ्या माणसालाही नाही. हे सिद्ध करायला रानटी सस्तन प्राण्यांची पन्नास हृदये हवीत. फेब्रुवारीत दिल्लीला परिषद आहे. तिथे माझा निबंध गाजला तर नव्या हृदयविभागाचा प्रमुख मी. नाही गाजला तर आमचे एक सहकारी, ज्यांनी सशापेक्षा मोठे जनावर जवळून पाहिलेले नाही.

तुम्ही कोळवणच्या धर्मादाय दवाखान्यात बावीस वर्षे कंपाउंडर आहात. डोंगरातले कातकरी तुमचे ऐकतात. वनखात्याचा परवाना काढला आहे, सोबत नक्कल आहे. औषधी पाणी भरलेल्या बरण्या पौडच्या गाडीने पाठवतो. डुक्कर, भेकर, सांबर, साळिंदर, वानर, जे मिळेल ते चालेल. मांस त्यांनी खावे. हृदय वगैरे शब्द त्यांना कळणार नाहीत; त्यांच्या भाषेत सांगा, 'काळीज' पाहिजे.

शिवाय गेल्या पाच वर्षांत डोंगरातल्या किती माणसांना हृदयविकार झाला, तो आकडा दवाखान्याच्या रजिस्टरातून कळवावा. तुळजावहिनींना नमस्कार.

आपला
जयसिंग

कोळवण, १९ ऑक्टोबर

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

पत्र आलं, परवान्याची नक्कल आली, बरण्या आल्या. तू कधी येणार ते मात्र पत्रात सापडलं नाही. कागद उलटूनही पाहिला.

पौडच्या स्टँडवर कंडक्टरने बरण्या लोणच्याच्या म्हणून उतरवल्या. तुझ्या वहिनीने एकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तासभर डोळ्यांना पदर लावून बसली. तुला निरोप आहे: "भाऊजींना म्हनावं, मीठ कमी पडलंय."

काम सावळ्याला दिलंय. तू पुण्याला शिकायला गेलास त्यानंतर तो वरच्या कातकरवाडीत आला, म्हणून तुझ्या ओळखीचा नाही. चाळिशीचा असेल. चार कुत्री, एक भाला, आणि पिल्लंवाल्या मादीला हात लावायचा नाही हा एक कायदा. त्याची बायको फुलाबाई जनावर सोलते. तिची सुरी अशी चालते की तुमच्या मंडळींनी वह्या घेऊन समोर बसावं. ती तिच्या बोलीत बोलते, मी आपल्याकडच्या बोलीत उतरवतोय, एवढं समजून घे.

वानर मिळणार नाही. सावळ्या म्हणाला, "मारुतीला काय त्वांड दावू?" मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांना शास्त्रासाठी पाहिजे. तर म्हणाला, "मंग त्यांनीच मारावं. मारुती त्यांच्याकडं बगंल."

तुझ्याबद्दल वाडीत दोन मतं आहेत. पहिलं, पुण्याचा डॉक्टर काळीज मुरवून खातो. दुसरं फुलाबाईचं. ती विचारत होती, "येवढी काळजं मागतोय, पुण्यात कुनाला न्हाईतच व्हय?" मी चौकशी करून सांगतो म्हटलं.

सहा बरण्या पाठवतोय. जनावरातला हाच तुकडा सगळ्यांच्या आवडीचा, तेव्हा देताना त्यांना जड गेलं, हे ध्यानात ठेव. सावळ्या बरण्या घेऊन उतरला तो वाटेत तीनदा बसला. डुक्कर खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारा माणूस हा. विचारलं तर हसला.

रजिस्टर सवडीने पाहतो.

तुझा
हैबत

पुणे, २७ ऑक्टोबर

ती. दादा यांस सा. न.

सहाही बरण्यांत यकृत निघाले. लिव्हर! विभागातल्या सगळ्यांसमोर झाकणे उघडली. ते सहकारी म्हणाले, "जयसिंगराव, कांदा आणू का?" त्या दिवसापासून मी जिन्यात दिसलो की कुणीतरी कांद्याचा भाव विचारते.

चूक कुठे झाली ते काल खाटकाकडे जाऊन समजून घेतले. खाणाऱ्यांच्या भाषेत काळीज म्हणजे यकृत. मान्य. मग यापुढे घोळ नको. हृदयाला हृदयच म्हणायचे, आणि तुमच्या पत्रात, चिठ्ठीत, रजिस्टरात 'काळीज' हा शब्द आला तर मी तो यकृत असाच वाचीन. शास्त्रात एका शब्दाला एकच अर्थ असावा लागतो.

सोबत हृदयाचे चित्र काढून पाठवत आहे. ते शिकाऱ्याला दाखवावे.

जयसिंग

कोळवण, ९ नोव्हेंबर

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

तुझं चित्र सावळ्याला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "कैरी झ्याक काडलीय." मग फुलाबाईने कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाली, "आगं बया, ह्ये चामट बोंड व्हय? ह्ये तर आमी कुत्र्यांस्नी टाकतो. आदी सांगायचं न्हाई का? त्या मानसानं आमचं काळीज न्हेलं आन् कुत्री उपाशी ठेवली."

तर आता वाडीत समाधान आहे. तुला जे पाहिजे ते कुणालाच नको होतं. सात बरण्या पाठवतोय, चार डुकरं, दोन भेकरं, एक साळिंदर. कुत्री तेवढी तुझ्या नावाने भुंकतात.

रजिस्टर पाहिलं. पाच वर्षांत 'काळजाचा विकार' अशा चौदा नोंदी आहेत, सगळ्या डोंगरातल्या. 'हृदय' हा शब्द बावीस वर्षांत मी एकदाही लिहिलेला नाही. इथं कुणी तो घेऊन येत नाही. पेशंट छातीवर हात ठेवून जे बोलतो ते मी लिहितो.

आता माझं काम. सावळ्या बरा नाही. चढाला लागला की काळजात धडधड होते, दम पुरत नाही, संध्याकाळी पाय सुजतात. बोट दाबलं की खळगा राहतो. लहानपणी वर्षभर सांध्यांच्या तापाने पडून होता म्हणे. आमच्या दवाखान्याच्या पाटीवर देणगीदाराचं नाव आहे, आत डॉक्टर नेमायचा राहून गेलाय. मी सोडा देऊ शकतो, आयोडीन लावू शकतो, पट्टी बांधू शकतो. यातलं काय देऊ ते लगेच कळव.

हैबत

पुणे, १८ नोव्हेंबर

ती. दादा यांस सा. न.

तुम्ही माझे आयुष्य उजळलेत! सातही हृदये अप्रतिम. क्रमांक तीनचे डुक्कर तर पूर्ण वयाचे, सुळ्यांवरून बारा वर्षांचे तरी असावे, आणि रक्तवाहिन्या वासराच्या असाव्यात इतक्या स्वच्छ. वाहिनीची आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत. मी भिंगाखाली दोन तास पाहत होतो. भेकराच्या हृदयाचे वजन त्याच्या देहाच्या मानाने जास्त भरले, हेही नोंदण्यासारखे. साळिंदराच्या बाबतीत एक शंका आहे, तिच्यावर वेगळा कागद जोडला आहे, तो वाचून शिकाऱ्याला त्यावरचे अकरा प्रश्न विचारावेत.

रजिस्टराचा आकडा तर सोन्यासारखा. हृदयविकार शून्य! काळजाच्या चौदा नोंदी आपल्या ठरलेल्या नियमाप्रमाणे मी यकृताकडे टाकल्या. रानातले जनावर स्वच्छ, रानातला माणूसही स्वच्छ. तर्क बरोबर निघाला. निबंधाचा गोषवारा आजच छापायला दिला.

सावळ्याचे यकृत बिघडलेले दिसते. दारू बंद करावी, एरंडेल द्यावे, फिरते ठेवावे.

आणखी मोठी डुकरे हवीत.

जयसिंग

कोळवण, २ डिसेंबर

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

मी तुझं पत्र मोजलं. मेलेल्या डुकराला सव्वा पान. साळिंदराला वेगळा कागद. सावळ्याला एक ओळ, तीही शाई संपत आल्यासारखी.

सावळ्या दारू पीत नाही. त्याला सांगितलं, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय. तो बिचारा म्हणाला, "आदी चालू करावी लागंल व्हय?" एरंडेल दिलं. त्याने जे होतं ते झालं, आणि त्या अवस्थेत फिरतं राहायला सांगितल्याप्रमाणे तो डोंगर चढला. धारेवर पोचेपर्यंत ओठ करवंदासारखे निळे पडले होते. कुत्री त्याच्याभोवती बसून राहिली. फुलाबाईने त्याला पाठुंगळीला घेऊन खाली आणलं.

आता नीट वाच. पोट फाडलेल्या डुकरात असतं ते काळीज वेगळं, आणि जिवंत माणूस छातीवर हात ठेवून सांगतो ते काळीज वेगळं. तुझी आई, माझी काकू, तुला 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणायची, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर लिव्हर नव्हतं. हे तुला शिकवायला मला पुण्याला यायला लागू नये.

त्या चौदा नोंदी यकृताच्या नाहीत. मी स्वतः त्या छातीला कान लावलाय. तुझं शून्य चुकीचं आहे. ते दुरुस्त कर, आणि सावळ्याचं काय करू ते सांग. या वेळी दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

तुझ्या अकरा प्रश्नांचं उत्तर एकच: साळिंदराला विचारलं पाहिजे.

हैबत

पुणे, २२ डिसेंबर

ती. दादा यांस सा. न.

उत्तरास उशीर झाला. इथली धावपळ तुम्हाला कळणार नाही. परदेशातून दोन तज्ज्ञ येऊन गेले, पुन्हा येणार आहेत. माझ्या खोलीच्या दारावर नवी पाटी लावायची की त्या सहकाऱ्याच्या, याची चर्चा शिपायांपर्यंत पोचली आहे. रात्रंदिवस डोक्यात तेच. जेवताना घास तोंडाशी नेतो आणि आकडे मोजत बसतो.

शब्दांचा काथ्याकूट आता करता येणार नाही. गोषवारा छापून दिल्लीला गेला. त्यात शून्य आहे. छापील शून्य खोडता येत नाही, आणि तुम्ही कान लावून ऐकलेले पुराव्यात धरता येत नाही. छातीत धडधड पुष्कळांना होते. मलाही सध्या होते.

पेशंटला पुण्यात आणा. वेळ मिळाला तर तपासीन. येताना तयार बरण्या घेऊन या, म्हणजे खेप वाया जाणार नाही. आतापर्यंत छत्तीस आल्या, त्यांतली सहा यकृते वजा जाता हृदये तीसच होतात. वीस राहिलीत, त्यांचे बघा.

जयसिंग

कोळवण, ८ जानेवारी १९५९

चि. जयसिंग,

आशीर्वाद गृहीत धर.

सोमवारी आम्ही आलो होतो. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहितो. पौडपर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी. सावळ्या आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसला, आणि बसला म्हणजे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, कारण मागे टेकलं की त्याचा श्वास अडतो. फुलाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. माझ्या मांडीवर दोन रिकाम्या बरण्या होत्या, परत करायच्या म्हणून आणलेल्या.

आठ वाजता तुझ्या दारात पोचलो. शिपाई बाहेर आला. म्हणाला, "कोळवणचे का? नमुने द्या, साहेबांनी सांगितलंय लगेच आत घ्यायला." बरण्या घेतल्या, आणि रिकाम्या आहेत हे न बघता अशा अलगद आत नेल्या की पालखी चालली असं वाटावं. मी म्हटलं, "अरे, हा माणूसही त्यांच्याचसाठी आणलाय." तर म्हणाला, "त्यांना बाकावर बसवा. साहेब मीटिंगमध्ये आहेत."

चार वाजेपर्यंत बसलो. समोरच्या भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र टांगलेलं आहे. सावळ्या दिवसभर त्याच्याकडे बघत होता. एकदाच बोलला: "दादा, हितं जनावराला लवकर घेत्यात." शेवटची गाडी चुकेल म्हणून उठलो.

आता तो झोपडीच्या मेढीला टेकून बसून झोपतो. आडवा झाला की गुदमरतो. खोकल्यातून तांबूस फेस येतो. तुझं हृदयविभागाचं जे व्हायचं ते होवो. या माणसाकडे फार दिवस नाहीत हे मला, एका कंपाउंडरला दिसतंय.

पुढच्या बरण्या मी गोळा करणार नाही. पण काल फुलाबाई स्वतः कुत्री घेऊन गेली आणि डुक्कर पाडून आली. एक बरणी मागून घेतली. तिनेच भरली, झाकणावर फडकं बांधलं, आणि मला म्हणाली, "उगडायची न्हाई. त्या डाक्तरलाच उगडू द्या." न उघडता पाठवतोय. आकडा एकतीस.

हैबत

पुणे, १६ जानेवारी

ती. दादा यांस,

बरणी क्रमांक एकतीस मिळाली. ही काय पद्धत झाली? एकाच बरणीत यकृत आणि हृदय दोन्ही कोंबलेले. यकृत खाली, त्याच्यावर हृदय. यकृत पाठवायचे नाही हे ऑक्टोबरातच ठरले होते! आणि हृदयात काटा टोचला आहे. चांगला बोटभर लांब, करवंदीचा असावा, आरपार. एवढा सुंदर नमुना वाया गेला. हा वाह्यातपणा कुणाचा ते शोधून त्याला माझ्या वतीने

दादा, वाक्य इथेच सोडून मी चहाला गेलो होतो. परत आलो तेव्हा आमचा शिपाई जयवंता त्या बरणीपुढे उभा होता. मी म्हटले, काय बघतोस? म्हणाला, "साहेब, कुणीतरी सांगतंय, ह्यात न्हाई, ह्यात दुखतंय."

पाचवी शिकलेला माणूस. बरणी वाचायला त्याला एवढाच वेळ लागला.

यकृत धुऊन पुसून, एकही ओरखडा न उठवता ठेवले आहे. सगळा काटा हृदयात.

मग तुमची पत्रे काढली. नोव्हेंबरच्या पत्रात 'सांध्यांचा ताप' असे स्पष्ट आहे. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते वाचून दचकला असता. लहानपणी सांध्यांचा ताप हृदयाची झडप चावतो. झडप अरुंद होते, मागे रक्त तुंबते, दम लागतो, पाय सुजतात, ओठ निळे पडतात. यात ना चरबी, ना तूप. हा रोग गादीवरच्यांचा नाही. माझ्या तर्कात तो नव्हता, म्हणून तुमच्या पत्रातही मला तो दिसला नाही.

आणि सोमवारचे. तुम्ही आलात हे मला माहीत होते. शिपायाने आत येऊन सांगितले होते. मी म्हणालो, बरण्या घे, त्यांना बसव. नंतर विसरलो, असे लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. तुमच्यासमोर यायची हिंमत नव्हती, कारण ते शून्य.

उद्या सकाळच्या पौडच्या गाडीने मी निघतो. कार्डिओग्रामचे यंत्र उसने घेतले आहे. या पत्राआधी मीच पोचेन, तरी ते टपालात टाकतो. वरचा मजकूर खोडलेला नाही. तो तुम्ही वाचावा.

जयसिंग

पुणे, २ मार्च

ती. दादा यांस सा. न.

तुमच्याकडून परतताना पुण्याला आणलेल्या सावळ्याचे पाय उतरले. इंजेक्शनाने जवळजवळ घागरभर पाणी गेले. आता उताणा झोपतो. परवा वॉर्डातल्या परिचारिकेला म्हणाला, "बाई, गादी काडा, पाठ दुकतीया." वॉर्डातला एक व्यापारी, मोठा हृदयरोगी, त्याच्याकडून ससा कसा पकडायचा ते ऐकत असतो.

तुमच्या दवाखान्यात आपण दोघांनी जे चार दिवस काढले त्याचा हिशोब मांडला. चौदांपैकी पाच माणसे आता नाहीत. उरलेल्या नऊ जणांना मी तपासले, त्यांत सहांच्या झडपा सावळ्यासारख्याच. त्या पाचांची नावे तुम्ही मला वाचून दाखवलीत, आणि प्रत्येक नावानंतर थांबलात. ते थांबणे अजून कानात आहे.

दिल्लीला गेलो. तीस रानटी हृदये स्वच्छ आहेत हे सांगितले, ते खरेच आहे. मग म्हणालो की गोषवाऱ्यातले शून्य चुकीचे आहे, ते एका शब्दामुळे पडले, आणि चूक माझी. अध्यक्षांनी विचारले, कोणता शब्द? त्यांना इंग्रजीत समजावता समजावता माझी वेळ संपली. टाळ्या बेताच्याच पडल्या. विभाग त्या सहकाऱ्याला मिळाला. दारावरची पाटी मीच सरळ करून दिली, ती तिरकी लागली होती.

आता मुद्द्याचे. औषधाने सावळ्या वर्ष, दोन वर्षे काढील, पण डोंगर चढणे संपले. मुंबईला एक शल्यवैद्य छाती उघडून, हृदयाच्या आत बोट घालून अरुंद झडप मोकळी करतात. जमली तर माणूस पुन्हा चढाला लागतो. टेबलावरच जीव जाण्याचा धोकाही आहे, तो लपवू नका. मी नंबर लावला आहे, तारीख २६ मार्च. त्याला आणि फुलाबाईला विचारून कळवा. मी निर्णय घेणार नाही. माझ्या निर्णयांचा अनुभव तुम्हाला आहे.

सावळ्याला परवाच्या गाडीने पाठवतो, जयवंता सोबत येईल. आणखी एक: काटा टोचायचे फुलाबाईला कसे सुचले, ते विचाराल का? ती बरणी माझ्या टेबलावर आहे.

जयसिंग

कोळवण, १८ मार्च

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

सावळ्या आल्याबरोबर कुत्र्यांनी त्याला खाली पाडला. तू घागरभर पाणी काढलंस म्हणून बरं, नाहीतर उठला नसता.

दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. धोका आधी सांगितला, फायदा मागून.  सावळ्या डोंगराच्या धारेकडे बोट करून म्हणाला, "हितं बसून ती बगत ऱ्हायची, दोन वर्सं? त्यापरीस बोट घालू दे त्याला." फुलाबाई उठून चुलीकडे गेली. बराच वेळ लाकडं सारत राहिली. जाळ चांगला होता. परत आली ती डोळे पुसून, आणि म्हणाली, "जाऊ द्या. पर मी दाराशी बसनार. बाकावर न्हाई, दाराशी." तेवढी व्यवस्था कर.

काट्याचं विचारलं. तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, "त्यात काय सुचायचंय? तुमी दोन म्हयनं त्याला लिवत हुता. मला वाटलं, त्या डाक्तरला वाचता येत न्हाई. म्हनून दावलं."

मी बराच हसलो. तुझी वहिनीही हसली. तू हसलास की नाही ते कळव.

रजिस्टरात मी आता दोन रकाने आखलेत, 'काळीज, छातीतलं' आणि 'काळीज, पोटातलं'. शास्त्रात एका शब्दाला एकच अर्थ लागत असेल. इथली माणसं शास्त्र यायच्या आधीपासून आजारी पडतायत. त्या पाच जणांची नावंही मी पहिल्या रकान्यात नव्याने उतरवून घेतली. आठ जण तुझी वाट बघतायत. झडपेचे ते सहा नव्हेत, आठ; वाडीत आणखी दोघी छातीवर हात ठेवून बोलायला लागल्यात. रविवारी ये.

आज दुपारी दोघांना पौडच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं. जयवंता न्यायला आला होता. गाडी सुटायच्या आधी फुलाबाईने कनवटीचा एक करवंदीचा काटा काढला आणि सावळ्याच्या नव्या सदऱ्याला डाव्या बाजूला, बरोबर छातीवर टोचून दिला. मी खिडकीतून विचारलं, "अगं, आता हे कशाला? मुंबईचे डॉक्टर आपल्या जयसिंगपेक्षाही शिकलेले आहेत."

म्हणाली, "म्हनूनच."

तुझा
हैबत